बोबा उपासाला चालतो का? आणि एवढी दुकानं चालतात तरी कशी?

मिरजकरीण
मंगळवार, सकाळी ९:१२

प्रश्न दोन आहेत. पहिल्यावरून घरात खरोखरचं भांडण झालंय, म्हणून तो आधी.

आम्ही सॅन होजेला. आई मिरजेहून सहा महिन्यांसाठी आलीय. परवा संकष्टी होती. लेकीला (वय १५) क्लासहून आणायला गेले तेव्हा आईही गाडीत होती. लेक म्हणाली, आजी, चल, आज तुला बोबा (म्हणजे बबल टी, गोळे घातलेला दूधचहा) पाजते. गेलो. काउंटरपलीकडे एक पोरगा स्टीलच्या डब्यातून डावाने काळेभोर, चकचकीत गोळे कपात सोडत होता. आईने विचारलं, "हे काय गं, जांभळाच्या बिया?" लेक म्हणाली, टॅपिओका. मी म्हटलं, अगं साबुदाणाच तो, मोठा आणि काळा. झालं! आईचा चेहरा असा खुलला. "मग मला चालतंय की. चहा चालतो, दूध चालतं, साखर चालते, आणि साबुदाणा तर चालतोच."

हिशोब बिनचूक होता, पण माझं मन घेईना. बाबांना मिरजेला फोन लावला. त्यांनी अंथरुणातूनच निकाल दिला: "जे नळीने ओढून वर चावायचं असतं, ते उपासाला चालत नाही." आई चिडली, काही न घेता घरी आली आणि स्वतःचा चहा स्वतः करून प्यायली. बाबांशी दोन दिवस बोलणं बंद.

दुसरा प्रश्न. घर ते शाळा या दोन मैलांत मी काल मुद्दाम दुकानं मोजली. अकरा. आम्ही इथे आलो तेव्हा एक होतं. किराण्याच्या दुकानाशेजारी एक, त्याच्या समोर दुसरं, आणि सगळ्यांपुढे रांग. रात्री बारापर्यंत उघडी असतात! सहा-सात डॉलरचा चहा रोज पितंय कोण? इतर देशांतल्या मंडळींकडेही हेच आहे का?

चहाटळ
मंगळवार, ९:२०

रुमाल टाकून ठेवतो.

उपासाला चालतो. एकादशी अन् दुप्पट खाशी, त्यात संकष्टी तर रात्रीपर्यंतचीच. बाबांच्या नियमाने शहाळ्यातली मलईसुद्धा बाद होईल.

फुकटचा_सल्ला
मंगळवार, ९:४१

अजिबात चालत नाही. एक, त्या गोळ्यांत रंग असतो. दोन, बऱ्याच दुकानांत दूध नसतंच, पांढरी पावडर असते. तीन, मुळात साबुदाणाच शास्त्राला धरून नाही. ब्राझीलकडचं कंद, पोर्तुगीजांनी आणलेलं.

चहाटळ
मंगळवार, ९:४४

@फुकटचा_सल्ला मग बटाटा, रताळं, मिरची आणि शेंगदाणा पण सोडा. सगळं त्याच बाजूचं. उपासाच्या ताटात उरेल काय, तर भगर आणि तुमचा सल्ला. हलके घ्या.

शिंचूवासी
मंगळवार, ११:०५

मी सात वर्षं तैवानात शिंचूला काढली, त्या चिपच्या कारखान्यांच्या गावात. दुसऱ्या प्रश्नावर थोडं लिहितो.

आधी नाव. तिथे याला चन्-जू नाय-छा म्हणतात, मोत्यांचा दूधचहा. 'बबल' म्हणजे ते गोळे नव्हेत. चहा, बर्फ, पाक हे भांड्यात घालून जोरजोरात हलवलं की वर फेस येतो, त्या फेसाचं ते नाव. गोळे मागून आले. आणि 'बोबा' हा शब्द खरं तर चावट आहे. ऐंशीच्या दशकात हाँगकाँगची एक नटी तिच्या देहयष्टीसाठी प्रसिद्ध होती, तिच्यावरून मोठ्या गोळ्यांना तो पडला असं सांगतात. संपादकांनी कात्री लावू नये, माहितीपर आहे. मिरजकरीणताई, आईंना एवढं सांगू नका.

शोध कोणी लावला यावर दोन गावांत भांडण. ताइचुंगचं चुन शुई थांग हे चहाघर म्हणतं की १९८८ मध्ये आमच्या लिन श्यू-हुई बाईंनी बैठकीत बसल्या बसल्या समोरच्या गार चहात फन्-युआन ओतले. फन्-युआन हा तिकडचा जुना गोड पदार्थ, पाकातले स्टार्चचे गोळे. ताइनानचं हानलिन म्हणतं की आमच्या तू त्सोंग-हे यांनी बाजारात पांढरे फन्-युआन पाहिले आणि १९८६ मध्येच चहात घातले. दोघं कोर्टात गेले. दहा वर्षं खटला चालला आणि २०१९ मध्ये कोर्टाने सांगितलं की हे कोणीही करू शकतं, याचं पेटंट नाही, त्यामुळे पहिला कोण हे ठरवायची गरजच नाही.

माझ्या मते पसरण्याचं अर्धं कारण या निकालात सांगितलेल्या गोष्टीत आहे. कुणाच्या मालकीचं नसल्यामुळे कुणीही दुकान टाकलं.

उरलेलं अर्धं काउंटरवर दिसतं. तिथे बसायला जागा नसते. दहा फुटांचं दुकान, पुढे मेनूचा फलक, मागे कप सील करायचं यंत्र. साखर किती आणि बर्फ किती हे दोन प्रश्न प्रत्येकाला विचारतात: पूर्ण साखर, थोडी कमी, अर्धी, चिमूटभर, बिनसाखरेचा. मला चिनी येत नव्हतं तेव्हाही "वेइ-थांग, छ्यू-बिंग" एवढं यायचं. चिमूटभर साखर, बर्फ नको. सात वर्षांत माझं सगळ्यात अस्खलित वाक्य तेच.

चहाटळ
मंगळवार, ११:१२

दहा वर्षं कोर्टात, तेही साबुदाण्यासाठी! आमच्याकडे बांधावरच्या एका आंब्यासाठी बावीस वर्षं चाललंय. तैवान अजून मागासलेलं आहे.

ऱ्हाइनकाठ
मंगळवार, दुपारी १:३०

जर्मनीत हे वेड एकदा येऊन, मरून, परत आलंय.

मी २०११ ला ड्युसेलडॉर्फमध्ये विद्यार्थी होतो. तेव्हा मोबाइलच्या दुकानांसारखी बबल टीची दुकानं उघडली. २०१२ मध्ये तर मॅकडोनाल्ड्सनेही आपल्या कॅफेत ठेवला. त्याच उन्हाळ्यात आखेनच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी गोळ्यांत घातक रसायनं सापडल्याचं सांगितलं. वर सरकारी संस्थेचा इशारा, की लहान मुलांच्या श्वासनलिकेत गोळा अडकू शकतो. पुढच्या तपासण्यांत रसायनांचं फार काही निघालं नाही, पण तोवर खेळ संपला होता. आमच्या चौकातल्या दुकानाचं आधी ई-सिगारेटचं दुकान झालं, मग नखांचं. साधारण २०२१ पासून पोरांनी इन्स्टा-टिकटॉकवर पाहून परत मागणी केली आणि आता त्याच गाळ्यात परत बबल टी. पाटीचा रंग तेवढा वेगळा.

पहिल्या लाटेतला चहा नावालाच होता बरं का. रंगीत सरबत आणि त्यात फळांच्या रसाच्या फुटणाऱ्या गोळ्या. जर्मन माणसाला चघळायचा चहा पटतच नव्हता. माझा घरमालक म्हणायचा, मी पिऊ की खाऊ, एक काय ते ठरव.

सिंगापुरी_केळं
मंगळवार, संध्या. ५:०२

वेड किती, तर ऐका. २१ एप्रिल २०२०, लॉकडाऊन. संध्याकाळी जाहीर झालं की फक्त पेयं विकणारी दुकानं आज रात्री १२ पासून बंद. लोक तांदूळ-डाळ नाही, बबल टी भरून ठेवायला धावले. आमच्या इमारतीखाली रांग इतकी लांब होती की मला वाटलं औषधं संपली.

आता इथे पेयांना साखर-चरबीवरून अ ते ड श्रेणी असते. डिसेंबर २०२३ पासून बबल टीलाही. मी 'ड' पीत पीत हा प्रतिसाद टंकतेय.

शुद्ध_शाकाहारी
मंगळवार, ५:४०

एक गंभीर शंका. यात जिलेटिन असतं का? मुलं रोज पितात.

शिंचूवासी
मंगळवार, ६:१५

काळ्या गोळ्यांत सहसा नसतं, तो मुख्यतः कंदाचा स्टार्च आणि साखर. फुटणाऱ्या गोळ्यांचं आवरण सहसा समुद्री शेवाळापासून काढलेल्या पदार्थाचं. पण 'पुडिंग' म्हणून जो पिवळा थर घालतात त्यात जिलेटिन असू शकतं, आणि काही जेलींतही. काउंटरवर विचारा. काळी 'ग्रास जेली' पुदिन्याच्या कुळातल्या वनस्पतीची, ती निर्धास्त घ्या. चव मात्र काढ्यासारखी.

बदामचौक
मंगळवार, रात्री ९:५०

ह्यूस्टनजवळ मी आणि मेहुण्याने दोन वर्षं एक बबल टीचं दुकान चालवलं. फ्रँचायझी होती, नाव घेत नाही. त्यामुळे "चालतात तरी कशी" याला माझं उत्तर: बाहेरून दिसतात तशी चालत नाहीत.

ज्या कामाला तुम्ही 'गोळे टाकणं' म्हणता त्याची गंमत ऐका. सकाळी नऊला मोठं पातेलं. पाणी खळाखळा उकळल्याशिवाय गोळे घालायचे नाहीत, आणि घातले की तळाला चिकटू नयेत म्हणून ढवळत राहायचं. अर्धा तास उकळ, अर्धा तास झाकण. मग चाळणीत ओतून गार पाण्याखाली धुवायचे, चिकट पाणी गेलं पाहिजे, आणि लगेच गुळमट पाकात. यानंतर घड्याळ सुरू. चार तासांत संपले तर ठीक, नाही तर कचऱ्यात. पाचव्या तासाला ते मध्ये घट्ट होतात, खोडरबर चावल्यासारखं लागतं, आणि तैवानी गिऱ्हाईक पहिल्या घोटाला ओळखतं. फ्रिजमध्ये ठेवले तर अजून वाईट. रात्री साडेनऊला शेवटचा घाणा टाकायचा की नाही हा आमचा रोजचा जुगार. टाकला की पाऊस पडायचा. नाही टाकला की आख्खी फुटबॉल टीम दारात.

पैशाचं म्हणाल तर कपातला माल स्वस्तच. चहा, दूध, गोळे यांनी कोणी बुडत नाही. बुडवतं भाडं. आणि मुख्य कंपनीचा नियम की स्ट्रॉपासून पावडरीपर्यंत सगळं त्यांच्याकडूनच घ्यायचं. जो पाक मला बाजारात निम्म्या भावात मिळायचा, तो त्यांचं लेबल लावून यायचा. त्यावर रॉयल्टी वेगळी. २०२१ च्या वसंतात लॉस एंजेलिस आणि लाँग बीचच्या बंदरांबाहेर जहाजं ताटकळत उभी होती, आणि आमचे गोळे त्यात. तीन आठवडे दारावर पाटी: 'बोबा नाही, जेली आहे.' लोक पाटी वाचायचे आणि गाडी वळवायचे. दूधचहा तोच, पाव इंचाचा गोळा नाही म्हणून दुकानच नको! त्या दिवशी कळलं की आपण चहा विकतच नव्हतो.

बंद का केलं? त्याच पार्किंगमध्ये आणखी दोन उघडली. तीन सलून एका गल्लीत चालतात, तीन बोबा चालत नाहीत.

बाकी गिऱ्हाईक सांगतो. साडेतीनला शाळा सुटली की पोरं. आठनंतर कुटुंबं: व्हिएतनामी, आपले, मेक्सिकन. दहानंतर कॉलेजचे. शुक्रवारी रात्री बुरखेवाल्या मुलींचा मोठा घोळका यायचा, आणि एक गुजराती म्हाताऱ्यांचा पत्त्यांचा अड्डा. यांच्यातला कोणीही बारमध्ये जाणारा नाही. रात्री अकराला दारू न पिता बसायला या गावात दुसरी जागाच नव्हती.

मिरजकरीण
मंगळवार, १०:१०

@बदामचौक, काय लिहिलंय! रात्री बारापर्यंत का, याचं उत्तर मिळालं. आणि चार तासांचं गणित लेकीला वाचून दाखवलं, ती म्हणाली "म्हणूनच आम्ही दुपारी चारलाच जातो." पोरांना सगळं आधीच माहीत असतं.

जाकार्ता_मेल
बुधवार, सकाळी ७:३०

इंडोनेशियात सहा डॉलर वगैरे विसरा. इथे चीनच्या मिश्वेने धुमाकूळ घातलाय. १९९७ मध्ये चीनच्या चंगचौ शहरात एका विद्यार्थ्याने सुरू केलेली बर्फाची टपरी, आणि २०२४ संपताना जगभर ४५,००० च्या वर दुकानं. दुकानांच्या संख्येत मॅकडोनाल्ड्स मागे पडलं. लाल पाटी, मुकुट घातलेला गुबगुबीत बर्फमाणूस आणि अगदी स्वस्त आईस्क्रीम.

इथल्या लोकांचा विनोद असा की मिश्वेकडे एक देवदूत नोकरीला आहे, रिकाम्या गाळ्यांची नोंद ठेवणारा. गाळा रिकामा झाला की तिसऱ्या दिवशी बर्फमाणूस हजर. २०२३ मध्ये हलाल प्रमाणपत्र मिळालं त्याची बातमी झाली होती. तेव्हा @फुकटचा_सल्ला, तुमच्या उपासाच्या प्रश्नाला इथे सरकारमान्य भाऊ आहे.

तैवानी साखळ्या आणि चिनी साखळ्या यांत फरक करा मात्र. तैवानवाले आधी गेले, आपल्या माणसांमागे गेले. चीनवाले आता भांडवल घेऊन निघालेत. घरच्या बाजारात दुकानावर दुकान झालंय, मग बाहेर पडण्यावाचून करणार काय.

अमृततुल्य_भक्त
बुधवार, ८:४५

हे सगळं वाचून एकच दुःख: आपला चहा का नाही पसरला? आलं-वेलचीचा, उकळलेला, पितळी पातेल्यातला. पुण्यात कोपऱ्याकोपऱ्यावर अमृततुल्यच्या साखळ्या झाल्या, मग सॅन होजेत अकरा दुकानं आपली का नसावीत? मार्केटिंगमध्ये आपण मार खातो.

चहाटळ
बुधवार, ८:५०

आपला चहा दोन मिनिटांत संपतो, साहेब. अर्धा कप, तोही दोघांत. त्यावर दुकानाचं भाडं निघायचं नाही.

कोकणकडा
बुधवार, १०:२०

@चहाटळ विनोद सोडा, मुद्दा बरोबर आहे. कटिंग हा उभ्याने प्यायचा चहा. गार झाला की संपला. बोबा पिणारा पोरगा अर्धा लिटरचा कप घेऊन दोन तास फिरतो, गाडीत ठेवतो, वर्गात नेतो. वर प्लॅस्टिकची झिल्ली, सांडत नाही. यंत्राने सील केलेला तो कप नसता तर हे पेय तैवानच्या बाहेर पडलं असतं का, मला शंका आहे.

दुसरं, आपला चहा पसरला नाही हेही खरं नाही. मलेशियात तेह तारिक म्हणून जो उंचावरून ओढतात, तो तिकडे गेलेल्या तमिळ मुसलमानांच्या टपऱ्यांतून आला. अमेरिकन कॉफीच्या दुकानात 'चाय टी लाटे' मिळतो, म्हणजे चहा-चहा-दूध. पसरला, फक्त आपल्या हातून सुटून.

आणि परदेशातून येऊन गावभर चहाची दुकानं उघडण्याचं कौतुक मुंबई-पुणेकरांनी तरी करू नये. इराण्यांनी दुसरं काय केलं? यज्द-केरमानकडून आलेली माणसं, हिंदू व्यापारी अशुभ म्हणून घेत नसत ते कोपऱ्याचे गाळे त्यांनी घेतले असं जुने लोक सांगतात. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, दाट दूधचहा, बनमस्का. एका चहावर तासभर बसलं तरी कोणी उठवत नसे. माझ्या वडिलांनी बी.ए.चा अभ्यास ग्रँट रोडच्या इराण्याकडे केला, घरी नऊ माणसं होती म्हणून. त्यांना त्यांच्या वडिलांनी विचारलं होतं: "घरी चहा मिळतो ना, मग तिथे पैसे घालवायला कशाला जातोस?"

मिरजकरीणताई, हा संवाद ओळखीचा वाटतो का?

मिरजकरीण
बुधवार, १०:३५

शब्द न् शब्द. गेल्याच आठवड्यात मी म्हटलाय.

फ्रीमाँटची_नात
बुधवार, रात्री ११:४८

मी २३ वर्षांची आहे. जन्म इथलाच. मराठी आजीने शिकवलं, चुका सांभाळून घ्या. आई हा धागा वाचत होती म्हणून मी पण वाचला.

तुम्ही सगळे चहाबद्दल बोलता. आम्ही चहासाठी जात नव्हतो. हायस्कूलमध्ये माझ्या ग्रुपमध्ये दोन तैवानी, एक व्हिएतनामी, एक पंजाबी, आणि मी. कोणाच्या घरी गेलं की त्याची आई जेवायला घालणार आणि मार्क विचारणार. बोबाच्या दुकानात कोणाचीच आई नव्हती. एक कप घेऊन आम्ही तीन तास होमवर्क करायचो. माझं पहिलं ब्रेकअप पण तिथेच झालं, टॅरो मिल्क टी अर्धा राहिला होता, मी तो संपवून मग रडले, कारण पैसे माझे होते.

आणि एक. शाळेत माझ्या डब्याला नाक मुरडायचे. बोबाला कोणी नाक मुरडलं नाही. आमच्यातलं, एशियन, काहीतरी पहिल्यांदा 'कूल' होतं. मी तैवानी नाही, पण ते मला पण माझं वाटायचं. म्हणून २०२४ मध्ये कॅनडातल्या त्या टीव्ही शोमध्ये दोन लोक म्हणाले की आम्ही बोबा सुधारून बाटलीत आणला, आणि सिमू लिऊने (कॅनडाचा चिनी वंशाचा नट) त्यांना हटकलं, तेव्हा मी सोफ्यावरून ओरडले.

चहाटळ
गुरुवार, सकाळी ८:०५

@फ्रीमाँटची_नात चुका कुठे आहेत? "संपवून मग रडले, कारण पैसे माझे होते" हे वाक्य लिहिणाऱ्याला आम्ही अस्सल मराठीच समजतो. अशाच लिहीत राहा.

फुकटचा_सल्ला
गुरुवार, ८:३०

बाटलीत आणला तर बिघडलं काय? पिझ्झ्यावर आपण पनीर घालतो तेव्हा इटलीला विचारतो का? उगाच भावना दुखावून घ्यायची फॅशन.

कोकणकडा
गुरुवार, ९:१५

पनीर घाला की. "मूळ पिझ्झ्यात काय असतं कोणालाच माहीत नाही, आम्ही तो सुधारला" असं म्हणू नका, एवढंच.

सिंगापुरी_केळं
गुरुवार, ९:३०

अवांतर: हाँगकाँग, थायलंड, तैवानच्या पोरांनी २०२० मध्ये चिनी ट्रोलांविरुद्ध एकी केली, तिचं नाव 'मिल्क टी अलायन्स'. तिघांकडे चहात दूध घालतात आणि चीनमध्ये परंपरेने घालत नाहीत म्हणून. पुढे म्यानमारवालेही आले. आपणही दूध घालतो. अर्ज कुठे करायचा?

(इथून पुढे दहा-बारा प्रतिसाद चहात दूध आधी की साखर आधी यावर गेले. संपादक मंडळाने ते वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत.)

मिरजकरीण
शुक्रवार, पंधरा दिवसांनी

धागा वर काढतेय, कारण घरात नवीन कांड झालं.

आईने मनावर घेतलं होतं. "सात डॉलर कशाला, मी घरी करते." आशियाई किराण्याच्या दुकानातून कच्च्या काळ्या गोळ्यांची पिशवी आणली. सूचना चिनीत, आणि इंग्रजीत फार बारीक. आईने सवयीने काय केलं असेल? रात्री झोपताना वाटीभर गोळे धुतले, बोटाच्या पेराएवढं पाणी ठेवून झाकून ठेवले. सकाळी उठून पाहते तर भांड्यात तपकिरी चिखल. गोळा एकही नाही! आई पाच मिनिटं चमच्याने शोधत होती. मग म्हणाली, "चायनाचा माल."

आता सांगा, आपला साबुदाणा रात्रभर भिजतो आणि सकाळी मोत्यासारखा मोकळा होतो, मग हा का विरघळला? दोन्ही एकाच कंदाचे ना?

सेलम_रिटर्न
शुक्रवार, त्याच दिवशी दुपारी

इतके दिवस रोमात होतो (नुसता वाचत होतो), आता राहवत नाही. मी स्टार्चच्या धंद्यात सेलमला सहा वर्षं होतो. आपण महाराष्ट्रात उपासाला जो साबुदाणा खातो, तो बहुतेक तिथलाच.

कंद एकच, कसावा. शाबूकंद म्हणा. त्रावणकोरचे राजे विशाखम तिरुनाल यांनी १८८० च्या दशकात लोकांना तो लावायला उत्तेजन दिलं, भाताला पर्याय म्हणून. 'साबु' हा शब्द मात्र मलयातल्या सागो नावाच्या ताडाचा. त्याच्या खोडातल्या पिठाचे दाणे आधी यायचे. झाड बदललं, नाव राहिलं.

फरक शेवटच्या पायरीत आहे. सेलमला कंद सोलून, किसून, दूध गाळतात, टाक्यांत साका बसू देतात. ओलसर पिठाचे हलवून हलवून दाणे पाडतात आणि मग ते तेलाचा हात लावलेल्या तापल्या तव्यांवर भाजतात किंवा वाफवतात, नंतर उन्हात सुकवतात. भाजताना दाण्याच्या बाहेरचं पीठ अर्धवट शिजून त्याची कातडी बनते. ही कातडी पाणी पिते, पण दाणा फुटू देत नाही. वाफवलेला, तो नायलॉन साबुदाणा.

बोबाचा गोळा जवळजवळ कच्चा असतो. पीठ आणि गूळपाणी फिरत्या ढोलात घालून, लाडू वळावा तसा थरावर थर चढवतात. कातडी नाहीच. गार पाण्यात टाकला की पीठ पाण्यात सुटतं, दुसरं काही होणं शक्यच नाही. खळखळत्या पाण्यात टाकला तर बाहेरचा थर त्या क्षणी शिजतो आणि तीच त्याची कातडी. @बदामचौक यांनी वर "उकळल्याशिवाय घालायचे नाहीत" म्हटलंय ते यासाठी.

आईंना सांगा, माल खराब नव्हता. आणि चिखल टाकला नसेल तर मंद आचेवर शिजवा, थोडं दूध घाला, बरी खीर होते.

बदामचौक
शुक्रवार, संध्याकाळी

दोन वर्षं दुकान चालवलं आणि हे मला आज कळतंय. आम्हाला ट्रेनिंगमध्ये फक्त "उकळतं पाणी, नाही तर नोकरी जाईल" एवढंच सांगितलं होतं.

चहाटळ
शुक्रवार, संध्याकाळी

मग खिचडीही होणार नाही म्हणायची. मी मनातल्या मनात काळ्या खिचडीवर दही घालून बसलो होतो.

पण मूळ प्रश्न अजून लटकलेलाच आहे हो! बोबा उपासाला चालतो का? पुढची संकष्टी जवळ आली.

फुकटचा_सल्ला
शुक्रवार, संध्याकाळी

सांगितलंय ना. नाही.

मिरजकरीण
मंगळवार, आणखी दहा-अकरा दिवसांनी

काल संकष्टी झाली. इथे उन्हाळ्यात चंद्र फार उशिरा उगवतो, काल साडेदहा वाजून गेले. आईने मोदक केले होते, चंद्राला ओवाळलं, नैवेद्य दाखवला, वरणभात खाल्ला. मग पदराला हात पुसत लेकीला म्हणाली, "तुझं ते दुकान बारापर्यंत असतं ना? चल."

तिघी गेलो. पावणेबाराला रांगेत आईच्या पुढे सगळी विशीतली पोरं. काउंटरवरच्या मुलीने साखर किती विचारलं, आईने मराठीतच सांगितलं, "पूर्ण." बर्फ? "नको गं बाई." गरम करून दिला. कपावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर लेकीने नाव घालायला लावलं होतं: आजी.

आईने गाडीत बसून अर्धा कप शांतपणे संपवला. बाबांना व्हिडिओ कॉल लावून कप दाखवला. चवीबद्दल तिचं मत विचाराल तर: "चहा पांचट आहे, साबुदाणा मध्ये कच्चा राहिलाय, आणि एवढ्या पैशात दाण्याचं कूट तरी घालायला हवं होतं."

पुढच्या शनिवारी परत जायचं ठरलंय.